स्ट्राँग गोळी आणि कर्जत फास्ट

पत्र कांजूरमार्गहून आलंय. चांगलं चार पानी आहे, त्यातलं जवळजवळ एक पान सासूबाईंच्या स्वभावावर आहे, ते आपण आपल्यातच ठेवू. मुद्द्याचं तेवढं इथे देते:

"ताई, पावसाळा लागला की आमच्या घरात कोणी ना कोणी पडलेलंच असतं. मुलगा ७ वर्षांचा, त्याला सर्दी, घसा आणि ताप. डॉक्टर बोलले व्हायरल आहे, नुसतं तापाचं औषध दिलं, फी मात्र पूर्ण घेतली. मग मीच डब्यातली मागच्या वेळची अझिथ्रोमायसिन उरलेली ती अर्धी अर्धी करून दिली. मिस्टरांना जांघेत गजकर्ण झालंय मार्चपासून, मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, लावली की चार दिवसांत जातं आणि परत येतं, आता पोटावर पण आलंय. सासूबाईंना लघवीला जळजळ, या वर्षात चौथ्यांदा, दर वेळी तीच गोळी आणतो, या वेळी फरकच नाही. आणि मी सर्दीसाठी ५ दिवस अँटिबायोटिक घेतली, त्यानंतर खाली भयंकर खाज सुटलीय, पांढरं जातंय, कोणाला सांगणार, मिस्टरांचीच ट्यूब लावली. तुम्ही लॅबमध्ये होतात म्हणून विचारते, अशी एखादी स्ट्राँग अँटिबायोटिक सांगा ना जी घरात ठेवली की सगळ्यांना चालेल."

अहो, सगळ्यात आधी ती ट्यूब खाली ठेवा. आजच. का ते पुढे येतंच.

आणि एक सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. मी २७ वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर काढली, म्हणजे तुमची थुंकी, लघवी, पू, खपल्या जे काही लॅबच्या खिडकीतून आत येतं ना, त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी बसायचे. त्यामुळे कुठली गोळी किती घ्यायची हे मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम, पण गोळी ज्याच्यावर मारायचीय तो प्राणी कोण हे मला बरं कळतं, आणि तुमच्या चार पानांत नेमकं तेच राहून गेलंय. घरात चार माणसं आजारी आहेत आणि एकाच्याही बाबतीत तुम्ही "हे कशामुळे झालं" असं विचारलेलं नाही, थेट "काय घेऊ" वर आलात.

आता तुमची स्ट्राँग गोळी. तुम्ही कांजूरच्या, स्लोने ठाण्याला जाऊन गाडी बदलायची सवय असेलच. समजा कसाऱ्याला जायचंय आणि समोर कर्जत फास्ट लागली. फास्ट आहे, चक्क विंडो सीट मिळतेय, बसलात. डोंबिवली आलं, कल्याण आलं, तोपर्यंत सगळं बरोबरच चाललंय असं वाटतं, आणि मग शहाडच्या ऐवजी विठ्ठलवाडी येतं. गाडी कितीही फास्ट असली तरी ती कसाऱ्याला जात नाही, तिची लाईनच वेगळी. व्हायरलवर अँटिबायोटिक घेणं हे असंच आहे, तीन-चार दिवस सगळं बरोबर वाटतं कारण ताप तसाही उतरणारच असतो, आणि क्रेडिट मात्र गोळी खाऊन जाते. पुढच्या वेळी परत तीच गोळी.

अँटिबायोटिक फक्त बॅक्टेरियावर चालते. पेनिसिलिनच्या जातीची औषधं बॅक्टेरियाच्या अंगाभोवतीची भिंत बांधू देत नाहीत, अझिथ्रोमायसिन त्याचा प्रोटीन बनवायचा कारखाना बंद पाडते. व्हायरसकडे ना भिंत ना कारखाना, तो आपल्याच पेशीत घुसून आपल्याच कारखान्यात स्वतःच्या कॉप्या काढतो, मग गोळी मारणार कशावर? आणि फंगस, म्हणजे बुरशी, ती तर आपल्या पेशींची लांबची चुलत बहीण म्हणा, बॅक्टेरियापेक्षा आपल्या जास्त जवळची, त्यामुळे तिची औषधंच वेगळी, आणि ती जपून वापरावी लागतात. मलेरियाचा प्लास्मोडियम हा चौथाच प्रकार, परजीवी. तुमच्या घरात सध्या माझ्या अंदाजाने एक व्हायरस, एक बॅक्टेरिया आणि दोन वेगवेगळ्या बुरश्या असे पाहुणे आहेत. आणि तुम्हाला सगळ्यांना एकच गोळी हवीय!

मुलाचं आधी बघू. तुमच्या डॉक्टरांनी काहीही चूक केलेली नाही, उलट फी वसूल झाली म्हणा, कारण गोळी न देण्यासाठी जास्त हिंमत लागते, समोर आई नाराज चेहरा करून बसलेली असताना तर फारच. लहान मुलांचे घसे बहुतेक वेळा व्हायरसनेच धरतात. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, हे सगळं व्हायरसच्या बाजूने बोलतं. शेंबूड हिरवा झाला म्हणजे जंतू वाढले असं आपल्या आया सांगतात ना, तसं नसतं, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो.

पण घशात एक खरा बॅक्टेरियावाला पाहुणा येतो, स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनस, त्याला हलक्यात घ्यायचं नाही. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांत जास्त, अचानक जोराचा ताप, गिळताना दुखतं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेला पुढून गाठी, आणि गंमत म्हणजे खोकला-सर्दी नसते. याला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, बहुधा पूर्ण १० दिवस. इतकी वर्षं झाली तरी हा एक जंतू अजून पेनिसिलिनसमोर मान टाकतो, जंतूंच्या दुनियेत असं क्वचितच बघायला मिळतं. १० दिवस का, तर घसा दोन-तीन दिवसांत बरा वाटतो पण अर्धवट उपचार झालेल्या काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजायला लागतात, आज गुडघा उद्या घोटा, तो संधिवाताचा ताप, र्‍हुमॅटिक फीवर, आणि तो हृदयाच्या झडपा खराब करू शकतो. मग दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. म्हणून घसा कोणाचा आहे हे डॉक्टरला टॉर्च मारून बघू द्या, शंका असली तर ते स्वॅब पाठवतात. तुम्ही अर्धी-अर्धी करून दिलेली अझिथ्रोमायसिन यातल्या कशालाच धड नाही, व्हायरस असेल तर फुकट, स्ट्रेप असेल तर अपुरी. मुलाचा डोस वजनावर ठरतो, सुरीने गोळी कापून नाही. आता काय करायचं तर डॉक्टरांना खरं सांगा की मी अशी अशी दिली, ओरडतील, ऐकून घ्या.

मी पण केलंय हे, लपवत नाही. माझा मुलगा चारेक वर्षांचा होता, डोंबिवलीला राहायचो, रात्री ताप आला आणि फ्रीजच्या दारात अँटिबायोटिकच्या ड्राय सिरपची बाटली होती, पाणी घालून तयार केलेली, महिनाभरापूर्वीची. जंतूंच्या टेबलावर बसणारी बाई मी, बाटलीवर ७ दिवसांत संपवा असं छापलेलं मला वाचता येत होतं, तरी दिलं. सकाळी लॅबमध्ये सरांना सांगितलं तर ते काही बोललेच नाहीत, नुसतं माझ्याकडे बघून परत मायक्रोस्कोपला डोळा लावला. ते अजून लक्षात आहे.

मुंबईत पावसाळ्यात आणखी एक भानगड असते. ताप दोन दिवसांच्या वर गेला की तो नुसता घशाचा आहे असं धरून बसायचं नाही. एडिस डास डेंग्यू देतो, अॅनोफिलीस मलेरिया देतो, आणि तो बिल्डिंगच्या गच्चीवरच्या उघड्या टाकीत मजेत अंडी घालतो. डेंग्यू व्हायरस आहे, अँटिबायोटिकचा संबंध नाही, पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ, अंगदुखीसाठी ब्रुफेन किंवा अॅस्पिरिन मात्र नको, रक्तस्राव वाढू शकतो. मलेरियात रक्ताची काच बघून परजीवी कुठल्या जातीचा, व्हायव्हॅक्स की फॅल्सिपेरम, ते ठरतं आणि औषध त्यावर. व्हायव्हॅक्स असेल तर क्लोरोक्विनने ताप गेला तरी तो लिव्हरमध्ये दडून राहतो, त्याच्यासाठी १४ दिवसांचं प्रायमाक्विन असतं, लोक चौथ्या दिवशी सोडतात आणि दिवाळीत परत थंडी वाजते. टायफॉइडचं तर आणखी वाईट, घरची अँटिबायोटिक दोन-तीन डोस पोटात गेलेली असली की ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीत, काही उगवतच नाही, जंतू अर्धमेले झालेले असतात पण मेलेले नसतात, आणि आम्ही रिपोर्टवर लिहितो "नो ग्रोथ". पेशंट तापाने फणफणलेला आणि रिपोर्ट क्लीन! असे रिपोर्ट मी स्वतःच्या हाताने किती लिहिलेत त्याची मोजदाद नाही.

आता सासूबाई. यांच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे.

लघवीचा जंतू बहुतेक वेळा एकच असतो, ई कोलाय. आपल्याच आतड्यात राहणारा, तिथे कोणाला त्रास देत नाही, दोन-तीन इंच सरकून मूत्रमार्गात शिरला की जळजळ, सारखं जावंसं वाटणं, थेंब थेंब होणं. बायकांचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून बायकांना जास्त. तुम्ही दर वेळी "तीच गोळी" आणता असं लिहिलंय, नाव लिहिलं नाहीत पण मला वाटतं ती नॉरफ्लॉक्स नाहीतर सिप्रोच्या घरातली असणार, कारण वर्षानुवर्षं मुंबईत तीच मिळत आलीय. ती इतकी वाटली गेली, की आता आपल्याकडचे बरेच ई कोलाय तिला ओळखून आहेत.

हे मी प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीत, बघितलंय म्हणून सांगते. लघवी आली की आम्ही एका बारीक तारेच्या कडीने, लूप म्हणतात, ती प्लेटवर ओढतो. त्या कडीत ०.००१ मिली मावतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी प्लेटवर १०० ठिपके उगवले तर मिलीला १ लाख जंतू, हा आमचा हिशोब. ३७ डिग्रीच्या इन्क्युबेटरमधून सकाळी प्लेट काढली की मॅकॉन्कीच्या प्लेटवर ई कोलाय गुलाबी दिसतो, चपटा, कोरडा, दिसायला छान असतो खरं तर. मग त्यातला थोडा घेऊन दुसऱ्या प्लेटवर सगळीकडे सारखा पसरायचा, आणि वर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या. टिकल्याच म्हणते मी त्यांना, ६ मिलिमीटरच्या कागदाच्या गोल चकत्या असतात, प्रत्येकीवर एकेक औषध. दुसऱ्या दिवशी प्लेटभर जंतूंची साय धरलेली असते, आणि जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती साय नसते, स्वच्छ गोल. एखाद्या आजींच्या प्लेटवर सिप्रोच्या टिकलीला साय अगदी खेटून, कडेपर्यंत, जसं काही टिकली तिथे नाहीच. आणि त्या आजींची फाईल उघडली की सिप्रो ५ दिवस, सिप्रो ५ दिवस, सिप्रो ७ दिवस.

म्हणून सासूबाईंचं आधी युरिन कल्चर करा, आणि गोळी सुरू करायच्या आधी करा. सॅम्पल घरून आणायचा असेल तर लॅबमधूनच स्टराइल डबी आणा, जॅमची बाटली उकळून वगैरे नको, लोक खरंच आणतात. जागा साध्या पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची. आणि तासाभरात पोचवायची. ई कोलायला चांगलं वातावरण मिळालं की २० मिनिटांत एकाचे दोन होतात, सकाळी ७ ला भरलेली डबी घेऊन तुम्ही मुलाला शाळेत सोडून, भाजी घेऊन ११ ला लॅबमध्ये आलात तर मी मोजणार ते सासूबाईंचे जंतू नव्हेत, डबीत जन्मलेली नातवंडं! अगदीच उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, पिशवीत घालून, वेगळ्या कप्प्यात. रिपोर्टमध्ये प्रत्येक औषधासमोर एस किंवा आर असेल, एस म्हणजे चालतं, आर म्हणजे जंतू दाद देत नाही, मध्येच एखादा आय पण असतो, त्याचं डॉक्टर बघतील. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनची एक पुडी अशी जुनी-साधी औषधं अजून बऱ्याचदा चालतात, किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. लिंबाच्या चवीचं ते गोड सरबत मिळतं मेडिकलमध्ये, त्याने जळजळ कमी वाटते, जंतू मरत नाहीत.

पण वर्षात चार वेळा म्हटल्यावर नुसता जंतू मारून चालणार नाही, तो परत परत का येतो ते बघायला हवं. शुगर तपासली का? मूत्राशय पूर्ण रिकामं होतंय का? पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, जंतूंना रान मोकळं मिळतं, त्यासाठी गायनॅककडे इस्ट्रोजेनची क्रीम असते, ती लावून हा त्रास खरोखर कमी होतो पण कोणी सांगतच नाही. आणि एक विचारू का, सासूबाई पाणी पितात का? तुमच्या पत्रात आलंय की चाळीत संडास पॅसेजच्या टोकाला आहे आणि त्यांचे गुडघे गेलेत. अहो मग त्या पाणी पिणारच नाहीत, माझी आई पण पीत नव्हती, "परत उठायला लागतं" म्हणायची. बाहेर निघताना तर मुंबईतल्या निम्म्या बायका पाणी पीत नाहीत, जायचं कुठे? रात्रीपुरतं पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवता आली तर बघा, तुमच्या त्या स्वभावाच्या पानाला पण थोडा उतार पडेल. थंडी वाजून ताप, पाठीत बरगड्यांच्या खाली दुखणं, उलट्या किंवा अचानक असंबद्ध बोलणं यातलं काही झालं तर जंतू किडनीपर्यंत पोचलाय, तेव्हा कल्चर-बिल्चरची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल. आणि उलट बाजू पण सांगते, त्रास काहीच नसेल तर उगाच कल्चर करत बसू नका, म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत जंतू नुसतेच राहायला येतात, त्यांना औषध लागत नाही.

मिस्टर. मार्चपासून गजकर्ण, ट्यूबने जातं, परत येतं, पसरतं. ही गोष्ट आता मुंबईत घरटी ऐकू येते आणि व्हिलन बहुतेक वेळा ती ट्यूबच असते. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात वाचा, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन यातलं एखादं नाव असणारच, ते स्टेरॉइड. बरोबर एक बुरशीचं औषध, एक बॅक्टेरियाचं, सगळी मिसळ एकत्र. स्टेरॉइड खाज आणि लाली लगेच घालवतं, कारण ते आपल्याच शरीराची मारामारी बंद करतं, पोलीस रिटायर केले की दंगल शांत वाटते तसं. आत बुरशीचं व्यवस्थित चाललेलं असतं. असे पेशंट आमच्याकडे यायचे, चामडीवर धड गोलही दिसायचा नाही, मी बोथट ब्लेडने कडेचा कोंडा खरवडून काचेवर घ्यायचे, पोटॅशचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं तर फांद्या फुटलेले बुरशीचे धागेच धागे, पूर्ण फील्ड भरलेलं. वरून मात्र नुसता तपकिरी डाग.

त्यात आपल्याकडे ट्रायकोफायटन नावाच्या या बुरशीची एक नवी जात माजलीय, २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिला नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी, कारण ज्यांच्या चामडीतून ती मिळाली त्यात आपला एक माणूस होता. आपल्या देशाचं नाव जगभर गेलं, ते असं. हिच्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध बऱ्याचदा चालतच नाही, थोडक्यात आपली दाद औषधाला दाद देत नाही. म्हणून स्किनच्या डॉक्टरकडेच जा. ते बहुधा इट्राकोनॅझोलसारखी गोळी काही आठवडे देतील, मिस्टर बीपी, हार्ट, कोलेस्टेरॉलची काही औषधं घेत असतील तर आधी सांगायचं, त्या गोळीचं बऱ्याच औषधांशी जमत नाही. ट्यूब बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज भडकेल, तेव्हाच माणूस हरतो आणि परत ट्यूबकडे वळतो. क्रीम देतील ती डागाच्या कडेच्या बाहेर दोन बोटं लावायची आणि डाग गेल्यावर पण डॉक्टर सांगतील तितके दिवस लावत राहायची.

बाकीचं घरात. ओल्या जीन्समध्ये तास-दीड तास लोकलमध्ये उभं राहून घरी आलेल्या माणसाच्या जांघेत बुरशी नाही होणार तर काय होणार? घरी आल्या आल्या आंघोळ, कोरडं पुसणं, सैल सुती चड्डी. पावसाळ्यात कपडे दोरीवर वाळतच नाहीत, अर्धवट दमट घालू नका, आतले कपडे इस्त्री करून घ्या, आतून पण. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. मुलाला-सासूबाईंना कुठे गोल चट्टा असेल तर त्यांचाही उपचार सोबतच, नाहीतर घरातल्या घरात फिरत राहतं. बाजारातली ती टिनच्या डबीतली झणझणीत मलमं लावून चामडी जाळून घेऊ नका.

मिस्टर कुर्ल्याला पाण्यातून चालत जातात असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. खाजवून खाजवून चामडी फुटलेली आणि वर तुंबलेलं पाणी, मला हे गजकर्णापेक्षा जास्त खटकलं. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा नावाचा बॅक्टेरिया त्या पाण्यात येतो, स्प्रिंगसारखा वळलेला असतो, आणि जखमेतून आत शिरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता ना, पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी लेप्टोचे पेशंट भराभर यायला लागले, आम्ही जेवायचे डबे उघडायचे विसरायचो. इथे मात्र गोळी आजारी पडायच्या आधी घ्यायची असते, पाण्यातून चाललात की ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन, पण किती ते जखम आहे की नाही, एकदाच चाललात की रोज चालता यावर असतं, म्हणून महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन विचारायचं, तिथे मिळते. गरोदर बायका आणि ८ वर्षांखालची मुलं यांना ही गोळी नाही, त्यांना दुसरी देतात, म्हणजे मिस्टरांच्या पाकिटातली मुलाला द्यायची नाही, हे तुम्हाला मुद्दाम सांगावं लागतंय. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, कावीळ यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि आता तुम्ही. सगळ्यांचं लिहून झाल्यावर शेवटी चार ओळीत स्वतःचं. लाज कसली त्यात? योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे आपले भले बॅक्टेरिया राहतात, ते तिथे आंबटपणा राखतात, दह्यातल्यांचे भाऊबंदच. सर्दीला घेतलेल्या अँटिबायोटिकने सर्दीचा व्हायरस जागचा हलला नाही पण हे बिचारे मेले, आणि रिकाम्या जागेवर कॅन्डिडा नावाची बुरशी पसरली. दह्याच्या गाठींसारखं पांढरं, प्रचंड खाज, वास नाही, असं असेल तर बहुधा तीच. मासळीसारखा वास असेल तर तो वेगळा प्रकार, बॅक्टेरियाचा, मेट्रोनिडॅझोलवाला, आणि हिरवट-पिवळं फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. म्हणून पहिल्यांदा होतंय तर गायनॅकला दाखवून नक्की करा. कॅन्डिडाच असेल तर क्लोट्रिमॅझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या किंवा फ्लुकोनॅझोलची एक गोळी, एवढ्यात मिटतं, पण दिवस गेलेले असण्याची जरा जरी शक्यता असली तर गोळीच्या आधी ते सांगायचं. साबण, डेटॉल, सुगंधी वॉश काही नको, नुसतं पाणी. आणि शुगर तुमची पण बघून घ्या, परत परत झालं तर नक्कीच.

मिस्टरांची ट्यूब तिथे अजिबात नाही. ती चामडी आधीच नाजूक, स्टेरॉइडने आणखी पातळ होते, आणि बुरशीला तर आमंत्रणच.

घरात ठेवायला काय, तर थर्मामीटर, पॅरासिटामॉल, मुलाचं वजन लिहिलेला कागद, आणि ओआरएसची चार-पाच पाकिटं. जुलाब बहुतेक वेळा व्हायरसचे असतात, त्यात माणूस जातो तो पाणी संपून जातो, मोठं पाकीट असेल तर एक लिटर पाण्यात, छोटं असेल तर त्यावर लिहिलंय तेवढ्या, ग्लासात चिमूटभर असं नाही. शौचात रक्त पडलं तर मात्र डॉक्टर. डब्यातल्या उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून बघा, ज्यांच्यावर उभी लाल रेघ आहे त्या सगळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या, त्या बाजूला करा, मेडिकलवाला परत घेत असेल तर द्या, नाहीतर पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात कालवून बंद पिशवीत कचऱ्यात, बेसिनमध्ये सोडू नका.

सासूबाईंच्या सॅम्पलपासून सुरुवात करा, उद्या सकाळीच, नाश्त्याच्या आधी. मुलाचा ताप अजून असेल तर त्याला घेऊन त्याच डॉक्टरांकडे. मिस्टरांना शनिवारी स्किनवाल्याकडे पाठवा आणि ट्यूब टाकून दिली असं ते म्हणतील तेव्हा ऑफिसच्या बॅगेचा पुढचा कप्पा बघा, तिथे दुसरी असते.